खोलीचा खरज उतरवताना

आमचा हॉल सोळा फूट लांब, बारा फूट रुंद आणि स्लॅबपर्यंत दहा फूट उंच आहे. खाली मोझॅकची फरशी, चारही बाजूंना सिमेंटचा गिलावा. धुळ्यात देवपुरात अशी घरं गल्लीगल्लीत आहेत. तीस वर्षं गणित शिकवून निवृत्त झाले तेव्हा मी स्वतःसाठी एकच मोठी खरेदी केली, साडेसहा इंची वूफर (तळाचे सूर वाजवणारा शंकू) असलेली स्पीकरची जोडी. पहिल्या संध्याकाळी काळी एकच्या पट्टीत गाणाऱ्या एका बुजुर्ग गायकाचं ध्वनिमुद्रण लावलं. तंबोऱ्याच्या चार तारांपैकी तीन नीट ऐकू येत होत्या. चौथी, खरजाची तार, मात्र घरभर घुमत होती. पुन्हा पंचम लागला तरी खरजाचं ‘हूंऽऽ’ हटत नव्हतं, आणि गायकाचे शब्द त्यात बुडत होते.

मला वाटलं, स्पीकर खराब निघाले. मग कागद घेऊन बसले. आवाजाचा वेग सेकंदाला साधारण ३४५ मीटर, हॉलची लांबी ४.८८ मीटर. समोरासमोरच्या दोन भिंतींमध्ये जी लाट नेमकी बसते तिची वारंवारता म्हणजे वेग भागिले दुप्पट लांबी, ३५ हर्ट्झ. तिची दुप्पट ७१, तिप्पट १०६. रुंदीची ४७ आणि ९४, उंचीची ५७. आता काळी एकचा मंद्र षड्ज, म्हणजे खरजाच्या तारेचा सूर, किती? ६९.३ हर्ट्झ. खोलीचा ७१चा सूर त्याच्या शेजारीच बसलेला. स्पीकर खरज वाजवत होते आणि हॉल त्यात आपला खरज मिसळत होता. दोष स्पीकरचा नव्हताच.

तुमच्या हॉलसाठी सुरुवात याच भागाकारापासून करा. टेपनं लांबी, रुंदी, उंची मोजा, फुटांना ३.२८नं भागून मीटर करा, आणि तिन्हींच्या पहिल्या तीन-तीन वारंवारता लिहून ठेवा. पुढे कुठल्या वारंवारतेचा आवाज किती मोठा येतो याचा आलेख संगणकावर उमटेल तेव्हा कुठला डोंगर खोलीचा आणि कुठला स्पीकरचा हे या कागदावरून ओळखता येतं. हा कागद नसताना इक्वलायझर (निवडक सूर कमी-जास्त करायचं साधन) हातात घेणं म्हणजे पेशंट न तपासता औषध लिहिणं.

आधी हातानं, मग सॉफ्टवेअरनं

सॉफ्टवेअरला एकच गोष्ट फार चांगली जमते, जास्तीचं काढणं. कमी पडलेलं भरून देणं त्याला बहुतेक वेळा जमत नाही. हे मी चुकून शिकले. सुरुवातीला मी स्पीकर मागच्या भिंतीपासून ९० सेंटिमीटर पुढे ओढले होते, कारण पुढे ओढले की आवाज मोकळा होतो असं वाचलं होतं. मोजलं तर ९६ हर्ट्झला खोल खड्डा. मी तिथे १२ डेसिबल वाढवून दिले. खड्डा तसाच राहिला, आणि तबल्याच्या एका जोरकस घुमाऱ्यावर वूफरमधून ‘टक्’ असा कोरडा आवाज आला. शंकू त्याच्या मर्यादेला जाऊन आपटला होता. १२ डेसिबल म्हणजे सोळापट ताकद. दोन वॅटच्या जागी मी बत्तीस मागत होते, तेही कायम शून्य येणाऱ्या बेरजेत.

शून्य का? स्पीकरमधून मागे गेलेली लाट भिंतीवर आपटून परत येते. स्पीकर ते भिंत हे अंतर त्या लाटेच्या लांबीच्या एक चतुर्थांश असेल, तर परतलेली लाट नेमकी उलटी होऊन पुढच्या लाटेला भेटते आणि दोन्ही एकमेकींना खातात. चार गुणिले ०.९ म्हणजे ३.६, आणि ३४५ भागिले ३.६ बरोबर ९६. तुम्ही जितकं वाढवाल तितकीच उलटी लाटही वाढते. म्हणून आलेखात अरुंद, खोल दरी दिसली तर इक्वलायझरला हात लावू नका, स्पीकर हलवा.

मी स्पीकर परत मागे, ४५ सेंटिमीटरवर नेले. दरी १९२ हर्ट्झच्या आसपास सरकली आणि उथळ झाली, कारण सूर जसा वर जातो तसा स्पीकर मागच्या बाजूला कमी आवाज फेकतो. भिंतीजवळ गेल्यानं खालचा आवाज मात्र वाढला. वाढू द्या. वाढलेलं कापता येतं.

बसण्याची जागा हा दुसरा मुद्दा. आपल्याकडे दिवाण भिंतीला टेकलेलाच असतो, आणि खोलीचा प्रत्येक लांबीचा सूर भिंतीपाशी सर्वांत मोठा असतो. ७१ हर्ट्झ पूर्ण टाळायचा तर दिवाण भिंतीपासून चार फूट पुढे हवा. राहत्या घरात हे होणे नाही, येणाऱ्या-जाणाऱ्यांची वाट अडते. मी दीड फूट पुढे घेतला. त्यानं ७१चा फुगवटा जेमतेम दीड डेसिबलनं उतरला, पण डोक्यामागच्या भिंतीवरून येणारा कर्कशपणा बराच गेला. मागच्या फटीत जुन्या गाद्या उभ्या केल्या.

गाद्यांबद्दल थोडं सांगते, कारण खान्देशात कापसाला तोटा नाही. भाव येईपर्यंत कापूस घरात भरून ठेवतात, तशा एखाद्या खोलीत शिरून टाळी वाजवून बघा. टाळी तोंडातल्या तोंडात विरते. कापूस आवाज खातो, आणि पिंजून भरलेली सहा इंची गादी कोपऱ्यात उभी केली तर मधले सूर चांगले खाते. मात्र ४० हर्ट्झच्या लाटेचा एक चतुर्थांश म्हणजे दोन मीटरहून जास्त. सहा इंचांच्या गादीनं तिला काहीच होत नाही, आणि दोन मीटर कापूस घेऊन हॉलमध्ये राहता येत नाही. म्हणून वरचं गाद्यांनी आणि तळाचं सॉफ्टवेअरनं, अशी मी वाटणी केली.

मोजणं

सॉफ्टवेअर रूम ईक्यू विझार्ड. जॉन मल्काही यांनी बनवलेलं आहे आणि मूळ स्वरूपात मोफत मिळतं. सगळे त्याला आरईडब्ल्यू म्हणतात. सोबत मोजणीचा यूएसबी माइक हवा. मी मिनीडीएसपीचा युमिक-१ वापरते. त्याच्या प्रत्येक नगाची स्वतंत्र दुरुस्ती-फाइल असते, माइकवरचा अनुक्रमांक टाकला की कंपनीच्या साइटवरून उतरवता येते. फाइली दोन असतात. माइक स्पीकरकडे रोखणार असाल तर शून्य अंशाची, छताकडे उभा धरणार असाल तर नव्वद अंशांची. चुकीची फाइल लावली तर तळाच्या सुरांत काही बिघडत नाही, वरच्यांत बिघडतं.

मोबाइलच्या माइकनं हे काम करू नका. मोबाइल बोलणं स्वच्छ ऐकू यावं म्हणून बनलेला असतो. तळाचे सूर तो स्वतःच कापतो, वर आवाजाची पातळी आपल्या मनानं खालीवर करतो. त्याच्या आलेखावर विसंबून केलेली दुरुस्ती उलटी पडते. माइक महाग वाटला तर दोघा-तिघांत मिळून घ्या. हे काम वर्षातून दोन-तीनदाच करायचं असतं.

वेळ पहाटेची. मी पावणेपाचला उठते. पंखा बंद, कूलर बंद, फ्रीजचं बटण बंद, इन्व्हर्टरची घरघर दाराआड. एकदा मोजणी चालू असताना एकवीरेच्या देवळाची घंटा झाली आणि आलेखात वरच्या बाजूला काटे उगवले. ती मोजणी खोडून पुन्हा घेतली. एक मोजणी सहा-सात सेकंदांची असते, पुन्हा घ्यायला काही लागत नाही.

माइक स्टँडवर, तुमचा कान जिथे असतो त्याच उंचीवर आणि त्याच जागी. तुम्ही स्वतः बाजूला व्हा, अंगही आवाज खातं. आरईडब्ल्यूमध्ये आवाजाची पातळी ७५ डेसिबलच्या आसपास बसवा, मग २० ते २०,००० हर्ट्झचा स्वीप सोडा. खालून वर चढत जाणारा एक अखंड सूर ऐकू येतो. आमच्या सासूबाई आतल्या खोलीतून बाहेर आल्या, “हाई काय शे वं माय?” त्यांना आलेख दाखवला. घरातल्यांना आदल्या रात्रीच सांगून ठेवलेलं बरं.

डावा स्पीकर वेगळा मोजा, उजवा वेगळा. मग माइक डावीकडे, उजवीकडे, पुढे, मागे वीतभर हलवून पुन्हा मोजा. माझ्या दहा मोजण्या होतात. डाव्याच्या पाचांची एक सरासरी, उजव्याच्या पाचांची दुसरी. एकाच जागेवरून घेतलेला आलेख त्या एका जागेचे लाड करतो, आणि मान जरा कलली की सगळं बदलतं.

आता आलेख बघा. सगळ्यात आधी स्मूदिंग, म्हणजे रेघेचे बारीक काटे गुळगुळीत करणं, एक बारांश अष्टकावर ठेवा. माझ्या आलेखात ३५ला ५ डेसिबलचा डोंगर होता, ५७ला ३चा, ७१ला तब्बल १०चा, १०६ला ४चा. कागदावरच्या यादीशी जुळवून पाहिलं, चारही खोलीचे. ४७ जवळजवळ नव्हताच, कारण मी रुंदीच्या मधोमध बसते आणि रुंदीचा पहिला सूर मधोमध शून्य असतो. मग वॉटरफॉल नावाचा आलेख उघडला. त्यात प्रत्येक सूर किती वेळ रेंगाळतो ते दिसतं. इतर सूर विझल्यावरही ७१चं शेपूट लांबच्या लांब पुढे येत होतं. कानांना घुमणारा खरज तो हाच.

कुठपर्यंत कापायचं

इथे बहुतेकांची चूक होते. सॉफ्टवेअर २०,००० हर्ट्झपर्यंत सगळं सपाट करून द्यायला तयार असतं, आणि सपाट रेघ बघून मन भुलतं. करू नका. तळाच्या भागात खोलीचे सूर सुटे सुटे असतात, एकेक मोजून धरता येतो. वर ते इतके दाटीनं येतात की एकमेकांत मिसळतात. ही सीमा मॅनफ्रेड श्रोडर या जर्मन भौतिकशास्त्रज्ञाच्या नावानं ओळखली जाते. सूत्र सोपं आहे. खोली घुमण्याचा काळ, म्हणजे आवाज थांबल्यावर तो विरायला लागणारा वेळ, सेकंदांत घ्या, खोलीच्या घनमीटरांनी भागा, वर्गमूळ काढा, दोन हजारांनी गुणा. माझा काळ ०.७ सेकंद, घनफळ साडेचोपन्न. उत्तर २२५च्या जवळ येतं. मी दुरुस्ती २५० हर्ट्झला थांबवते.

त्याच्या वर आलेखात दिसणारे काटे बरेचसे खोटे असतात. ३,००० हर्ट्झची लाट साडेअकरा सेंटिमीटरची. मान बोटभर हलली की काटा हलतो. शिवाय माइकला एक कान असतो आणि तो थेट आवाज आणि भिंतीवरून आलेला आवाज यांची सरळ बेरीज करतो. आपण दोन कानांनी ते वेगळे काढतो. भिंतीनं केलेली बेरीज सपाट करायला गेलात तर स्पीकरमधून येणारा चांगला थेट आवाजच वाकडा कराल. सारंगी पत्र्याची वाटायला लागते. मी दोन दिवस तशी ऐकली आहे.

फिल्टर

आरईडब्ल्यूमध्ये ईक्यूची खिडकी उघडा, इक्वलायझरच्या यादीत ‘जेनेरिक’ निवडा. टार्गेट म्हणजे आपल्याला हवी ती रेघ. ती पूर्ण आडवी ठेवू नका. चांगला स्पीकर साध्या खोलीत ठेवला की आलेख आपोआप डावीकडून उजवीकडे हळूहळू उतरतो, आणि कानाला तेच सहज वाटतं. मी १०० हर्ट्झच्या खाली मधल्या पातळीपेक्षा चार डेसिबल जास्त ठेवते. पूर्ण सपाट केलं तेव्हा पखवाज डबा वाजवल्यासारखा लागला.

मॅच रेंज, म्हणजे कुठून कुठपर्यंत दुरुस्त करायचं ते, २० ते २५०. ‘मॅक्स बूस्ट’ नावाच्या दोन जागा आहेत, एका फिल्टरसाठी आणि एकूण. दोन्हींत शून्य टाका. एवढं केलं की सॉफ्टवेअर फक्त कापेल, भरायला जाणार नाही. मग फिल्टर जुळवायचं बटण दाबा. त्यानं मला नऊ फिल्टर दिले. मी चार ठेवले आणि हातानं नीट केले:

३५ हर्ट्झ, उणे ५ डेसिबल, क्यू ५
५७ हर्ट्झ, उणे ३, क्यू ६
७१ हर्ट्झ, उणे ९, क्यू ८
१०६ हर्ट्झ, उणे ४, क्यू ६

क्यू म्हणजे फिल्टर किती अरुंद. वारंवारतेला क्यूनं भागलं की रुंदी कळते. ७१ भागिले ८, साधारण नऊ हर्ट्झ. क्यूचा आकडा मी मुद्दाम लहान ठेवला आहे, त्याचं कारण आमचा उन्हाळा. आवाजाचा वेग तापमानाबरोबर वाढतो, अंशाला सेकंदामागे साधारण ०.६ मीटर. पौषात पहाटे हॉलमध्ये १८ अंश असतात तेव्हा माझा ७१चा सूर प्रत्यक्षात ७०.१ वर असतो. मे महिन्यात दुपारी, बंद हॉलमध्ये ३८ अंशांना, तोच ७२.६ वर जातो. अडीच हर्ट्झचा फरक. सॉफ्टवेअरनं मला क्यू २० सुचवला होता, म्हणजे साडेतीन हर्ट्झची फट. तो फिल्टर थंडीत मोजून लावला असता तर वैशाखात सुराच्या शेजारची मोकळी जागा कापत बसला असता. पुण्या-मुंबईत बसून लिहिलेल्या सल्ल्यात हे येत नाही. आपल्याकडे पारा चाळिशी ओलांडतो, तेव्हा आपले फिल्टर जरा रुंद हवेत.

फिल्टर मजकूर-फाइल म्हणून बाहेर काढा. विंडोजच्या लॅपटॉपवर इक्वलायझर एपीओ घाला, तेही मोफत आहे. घालताना ते विचारतं की कुठल्या उपकरणावर बसू, तिथे ज्यातून अँप्लिफायरला आवाज जातो तेच निवडा आणि लॅपटॉप बंद करून पुन्हा सुरू करा. मग त्याच्या संपादकात आपली फाइल जोडा. डाव्याचे फिल्टर डाव्या वाहिनीला, उजव्याचे उजव्या. तळाच्या सुरांत माझे दोन्ही इतके सारखे निघाले की एकच संच दोघांना लावला. कुठे एखादा डेसिबल वाढवलाच असेल, तर प्रीअँप (एकूण पातळीचा आकडा) तेवढाच उणे करा, नाहीतर मोठ्या सुरावर आवाज फाटेल. नुसतं कापलं असेल तर प्रीअँप शून्य चालतो.

पुन्हा मोजा, ही पायरी गाळू नका. माझा ७१चा डोंगर एका डेसिबलवर आला, आणि वॉटरफॉलमधलं शेपूटही आखडलं. खोलीचा असा सुटा सूर आकारानं कापला की त्याचं रेंगाळणंही कमी होतं. म्हणूनच हे फिल्टर नुसत्या बेसच्या बटणापेक्षा वेगळे. बेसचं बटण मागे फिरवलं तर खरजाबरोबर डग्गाही जातो.

ऐकणं

पहिल्यांदा आवाज बारीक वाटेल. कान घुमण्याला सरावलेले असतात. शिवाय कापल्यामुळे एकूण आवाज उतरतो, आणि जास्त मोठं ते जास्त चांगलं असं कान समजतो. तेव्हा फिल्टर चालू-बंद करून तुलना करताना आवाजाची खुंटी दोन्ही वेळा सारख्या पातळीवर आणा. तीन दिवस फिल्टर चालू ठेवा, चौथ्या दिवशी बंद करा. तेव्हा खरं काय ते कळतं.

मी तीन गोष्टी ऐकते. एक, पुरुष वृत्तनिवेदकाच्या बातम्या. आवाज छातीतून आला पाहिजे, माठातून नव्हे. दोन, नुसता तंबोरा, डोळे मिटून. चारही तारा सारख्या आल्या पाहिजेत, खरज थांबेल तिथे थांबला पाहिजे. तीन, तबल्याचा विलंबित ठेका. डग्ग्यावर मनगट दाबून काढलेली मींड खालून वर सरकताना मध्येच फुगत असेल, तर फुगते त्या सुराजवळचा फिल्टर पुन्हा बघा. सासूबाईंना कमी ऐकू येतं, टीव्हीवरच्या मालिका त्या मोठ्या आवाजात लावायच्या. लॅपटॉपमधून त्यांना मालिका लावून दिली, तर त्यांनी स्वतःच आवाज कमी करायला सांगितलं. “आते शब्द ऐकू येतस.” तळाचा घुमारा वरची व्यंजनं झाकतो. घरात वयस्क माणसं असतील तर संगीतासाठी नाही तरी एवढ्यासाठी ही खटपट करा.

घरातल्या वस्तू हलल्या की मोजणी बदलते. श्रावणात नागपंचमीनंतरच्या रविवारी आमच्याकडे कानबाई, आमची खान्देशातली देवी, बसते. तेव्हा दिवाण, गाद्या, खुर्च्या सगळं आत जातं आणि हॉल रिकामा होतो. पहिल्या वर्षी त्याच फिल्टरवर कानबाईची गाणी लावली तर पुन्हा सगळं घुमायला लागलं. उन्हाळ्यात कूलरसाठी खिडकी उघडी राहते, तेव्हा उलट होतं. तळाचा आवाज खिडकीतून निघून जातो आणि ३५चा फिल्टर जास्तीचा ठरतो. त्यामुळे मी एपीओच्या फोल्डरमध्ये तीन फाइली ठेवल्या आहेत. ‘पौष’मध्ये वर दिले तेच आकडे. ‘वैशाख’मध्ये ३५चा फिल्टर नाही आणि ७१ऐवजी ७२.५. ‘कानबाई’मध्ये ७१ उणे ११ आणि १०६ उणे ६. मुख्य फाइलमध्ये एका ओळीत नाव बदलायचं, जतन करायचं. लॅपटॉप पुन्हा सुरू करावा लागत नाही, गाणं चालू असतानाच फरक लागू होतो.